गारव्याचा जमाखर्च

उन्हाळ्यात घरातला सगळ्यात दुर्लक्षित प्राणी कोणता, असं मला कोणी विचारलं तर मी फ्रिजकडे बोट दाखवीन. मांजर फरशीवर आडवं पसरतं, त्याची सगळ्यांना दया येते. नवरा विरार लोकलमधून पिळून निघाल्यासारखा घरी येतो, त्याची दया येत नाही, पण निदान "पाणी देऊ का?" एवढं तरी विचारलं जातं. फ्रिजला कोण विचारतं? उलट त्याचं दार सताड उघडून, "आत काय होतं बरं?" असा चेहरा करून अख्खं कुटुंब आळीपाळीने त्याच्यासमोर गार हवा खात उभं राहतं. त्याला स्वतःला उकडत असेल ही शंका कोणाच्या मनाला शिवत नाही. जो गारवा देतो त्याला कसलं उकडणार? बँकेत काम करतो म्हणजे याच्याकडे पैसे असणारच, या समजुतीइतकीच ही समजूत खरी आहे.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. पदार्थविज्ञानाशी माझा संबंध दहावीत सुटला, तो दोन्ही पक्षांच्या संमतीने. पण फ्रिज मला समजला तो दुहेरी नोंद पद्धतीमुळे. फ्रिज थंडी तयार करीत नाही. थंडी नावाचा माल जगात कुठे मिळतच नाही. मिळते ती उष्णता. आतल्या खात्यातली उष्णता उचलायची आणि बाहेरच्या खात्यात जमा करायची, एवढीच या कपाटाची कारकुनी. शिवाय या कामासाठी तो जी वीज खातो, तीसुद्धा शेवटी उष्णता होऊन खोलीतच पडते. म्हणजे आतून शंभर काढले तर बाहेर शंभर अधिक दलाली जमा. म्हणूनच फ्रिजचं दार उघडं टाकून स्वयंपाकघर गार होत नाही, उलट जास्त तापतं. हे मी सौ.ला समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग दार लावा." विज्ञानाचा प्रसार आपल्याकडे का होत नाही ते मला त्या दिवशी कळलं.

आता ज्या खोलीत ही उष्णता जमा करायची ती खोलीच आधीपासून तुडुंब भरलेली असेल तर? फ्रिजच्या पाठीवरच्या काळ्या जाळीने आपली उष्णता हवेत सोडायची असते. हवा गार असेल तर ती पटकन घेते. हवाच पस्तीस अंशांवर बसली असेल तर काउंटरवरच्या आमच्या एका सहकाऱ्यासारखी "नंतर या" म्हणते. मग बिचारा कॉम्प्रेसर तीच फाइल घेऊन पुन्हा पुन्हा येरझारा घालतो. घूंऽऽ करून सुरू होतो तो थांबायचं नावच घेत नाही.

आमच्या इमारतीत असा एकच फ्रिज आहे की ज्याच्या उकाड्याची काळजी घरातल्या माणसांपेक्षा जास्त वाहिली जाते. तो चौथ्या मजल्यावर, गच्चीच्या थेट खाली, मास्तरांकडे असतो. त्यात दूध नसतं, भाजी नसते, आठवड्यापूर्वी कापलेलं अर्धं लिंबू नसतं. एप्रिल-मे महिन्यांत त्यात फक्त एक दहा लिटरची चिनी मातीची बरणी असते, आणि त्या बरणीत असते नाताळची वाइन.

इथे थोडं थांबून मला कायद्याला नमस्कार केला पाहिजे. १९४९ सालचा मुंबई दारूबंदी कायदा आता महाराष्ट्र दारूबंदी कायदा या नावाने ओळखला जातो. नाव बदललं, स्वभाव बदलला नाही. परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा गुन्हा, मग ते केकच्या तुकड्याबरोबर अंगठ्याएवढ्या ग्लासातून पाहुण्यांना द्यायचं का असेना. म्हणून मी इमारतीचं नाव सांगणार नाही, गल्ली सांगणार नाही. 'मास्तर' हे काही नाव नव्हे. वसईतले निवृत्त चित्रकला शिक्षक एवढ्या खुणेवरून कोणी शोध घ्यायला निघणार असेल तर त्याला माझ्या शुभेच्छा. वसईत निवृत्त शिक्षक झाडांपेक्षा जास्त आहेत, आणि झाडं तर दर वर्षी कमीच होताहेत. ती वाइन मी चाखली की नाही, हा प्रश्न प्रस्तुत विषयाला सोडून आहे.

मास्तरांच्या पत्नीही शिक्षिका होत्या. त्यांना सारी आळी 'टीचर' म्हणते, मास्तरसुद्धा. आणि घरात शहाऐंशी वर्षांच्या आजी, मास्तरांच्या आई. वाइन आजींची. म्हणजे पाककृती त्यांची, बरणी त्यांची, लाकडी पळी त्यांची आणि शेवटचा शब्दही त्यांचाच. आमची इमारत ज्या जमिनीवर उभी आहे ती एके काळी यांची वाडी होती. केळी होत्या, विड्याची पानं होती, आणि जिथे आता माझी स्कूटर उभी असते तिथे रहाटाची विहीर होती. पुढे भावांत वाटण्या झाल्या, २००९ मध्ये वसई-विरारची महानगरपालिका झाली, जमिनीचे भाव झाडांच्या डोक्यावरून गेले, आणि वाडीची इमारत झाली. आजींच्या वाट्याला चौथा मजला आला. "आयुष्यभर जमिनीवर राहिले," त्या म्हणतात, "आता देवाला वर चढायला कमी पडावं म्हणून आधीच चार मजले चढवून ठेवलंय मला."

वाइन नाताळची, मग ती एप्रिलमध्ये का घालायची? उत्तर सोपं आहे. नाशिककडची द्राक्षं स्वस्त होतात ती हंगाम संपता संपता, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये. आणि वाइनला मुरायला सात-आठ महिने मिळाले तर ती माणसात येते. तेव्हा द्राक्षं धुऊन, पुसून, कुस्करून, साखर, मूठभर गहू, दालचिनी आणि यीस्ट घालून बरणीच्या तोंडाला फडकं बांधायचं, आणि एकवीस दिवस रोज एकदा लाकडी पळीने ढवळायचं. द्राक्षांना स्वस्त व्हायला नेमका तोच मुहूर्त सापडतो जेव्हा वसईत माणूससुद्धा आंबायला लागतो.

यीस्ट हा प्राणी म्हणावा की वनस्पती, यात वाणिज्य शाखेने पडू नये. तो बुरशीच्या नात्यातला आहे एवढं पुरे. एका पेशीचा जीव, पण आमच्या शाखेतल्या कोणाहीपेक्षा कष्टाळू. साखर खातो आणि तिची दोन खाती करतो. जवळजवळ अर्धी साखर मद्यार्क होते आणि अर्धी कर्बवायू होऊन फडक्यातून उडून जाते. एक किलोतली अर्धा किलो रक्कम अशी हवेत जाते आणि कोणी ऑडिट करीत नाही. पण हे करताना तो तापतो. आंबणाऱ्या बरणीला स्वतःचा ताप असतो, बाहेरच्या उन्हाशी त्याचा संबंध नाही. म्हणजे खोली बत्तीसवर असेल तर बरणीच्या पोटात त्याहून दोन-चार अंश जास्त. आणि यीस्टचा स्वभाव असा की वीस ते पंचविसाच्या दरम्यान तो नीट, शांतपणे, चवीने काम करतो. तिशीत घाई करायला लागतो. पस्तिशी ओलांडली की चिडतो आणि नको नको ते वास सोडतो. चाळिशीच्या आसपास तर बहुधा मान टाकतो. मी स्वतः चाळिशी ओलांडलेला असल्याने मला हा आलेख फार जवळचा वाटतो.

वसईच्या माणसाला हे खरं तर पुस्तकातून शिकावं लागत नाही. इकडे ताडामाडांनी ते पिढ्यान्‌पिढ्या शिकवून ठेवलंय. पहाटे झाडावरून उतरते ती नीरा. गोड, निर्मळ, गांधीवादी. तीच उन्हात ठेवली की दुपारपर्यंत ताडी होते आणि माणसाला गाणी सुचायला लागतात. म्हणून नीरेच्या मडक्याला आतून चुना लावायचा, उजाडायच्या आत उतरवायची आणि बर्फात ठेवायची. झाड तेच, मडकं तेच, द्रव तोच. पण एक देशसेवा आणि दुसरी दारू, आणि दोघींना परवाने वेगळे. मधे फरक काय, तर थोडा चुना, थोडा बर्फ आणि काही तासांचं ऊन. सज्जनपणा हा इतका तापमानावर अवलंबून असतो, हे आमच्या नीतिशास्त्राच्या पुस्तकांत कुठे लिहिलेलं नव्हतं.

जुन्या घरात आजींना फ्रिज लागला नाही. स्वयंपाकघरामागे एक काळोखी खोली होती. जाड भिंती, शेणाने सारवलेली जमीन, वर कौलं आणि कौलांवर फणसाची सावली. कोपऱ्यात वाळूचा ढीग. बरणी गळ्यापर्यंत त्या वाळूत पुरायची आणि विहिरीचं पाणी वाळूवर शिंपडायचं. दिवसातून दोनदा आजी मनगटाची मागची बाजू बरणीला लावून पाहायच्या, तापलेल्या पोराचं कपाळ पाहावं तशी. जास्त वाटली की आणखी पाणी. थर्मामीटर घरात होता, पण तो माणसांसाठी.

फ्लॅटमध्ये आल्यावर पहिल्या एप्रिलमध्ये त्यांनी नेहमीसारखीच बरणी घातली. पण चौथ्या मजल्यावर वाळू कुठली, आणि सारवलेली जमीन कुठली? वर गच्चीचा स्लॅब. तो दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर खाली ओततो. मास्तरांनी बरणी घंगाळात ठेवली, भोवती ओलं पोतं गुंडाळलं. ही युक्ती नागपूरला चालते. नागपूरची हवा इतकी कोरडी की पाणी भराभर उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. वसईच्या हवेला मात्र समुद्राने आधीच इतकं पाणी पाजलेलं असतं की तिला पोत्यातलं पाणी नको असतं. पोतं तीन दिवस ओलं ते ओलंच राहिलं आणि चौथ्या दिवशी त्याला वास यायला लागला. बरणी तापायची ती तापलीच.

त्या वर्षी नाताळात सारं गोत जमलं. धाकटा मुलगा आखातातून आला होता. आजींच्या हातात पहिला ग्लास दिला गेला, ही घरची रीत. आजींनी ओठ लावले, ग्लास खाली ठेवला आणि म्हणाल्या, "पाणी द्या जरा." कोणी काही बोललं नाही. ती वाइन अर्धी गोड राहिली होती आणि अर्धी व्हिनेगर झाली होती. सुनांनी ती गुपचूप वर्षभर मटणाच्या लोणच्याला वापरली. पण मास्तर मला म्हणाले, "साहेब, आईने घर सोडलं तेव्हा रडली नाही. विहीर बुजवली तेव्हाही नाही. त्या रात्री मात्र मी तिला देवापुढे बसून डोळे पुसताना पाहिलं." (मला बँकेत कोणी साहेब म्हणत नाही. ते सुख फक्त मास्तर देतात.) जानेवारीतच त्यांनी जुना १६५ लिटरचा फ्रिज विकत आणला.

आता वाचकांना वाटेल, झालं, फ्रिज आला, प्रश्न मिटला. प्रश्न तिथेच सुरू झाला. फ्रिज आपल्या मनाने चालतो तो चार-पाच अंशांवर. त्या थंडीत यीस्ट काम करीत नाही, पांघरूण घेऊन झोपतो. म्हणजे खोलीत ठेवावी तर बरणीला ताप, फ्रिजमध्ये ठेवावी तर गारठा. मधला मार्ग म्हणून मास्तरांच्या नातवाने एक डबी आणून दिली. फ्रिजची वायर त्या डबीत आणि डबी भिंतीत. डबीतून एक बारीक वायर आत जाते, तिच्या टोकाला तापमान समजतं. चोवीस झाले की डबी फ्रिज सुरू करते, बावीस झाले की बंद. या डबीमुळे फ्रिज आमच्या बँकेतल्या एखाद्या अधिकाऱ्यासारखा झाला. स्वतःचा निर्णय कुठलाच नाही, वरून हुकूम आला की हलायचं.

ते टोक कुठे ठेवायचं यावरून त्या घरात आठवडाभर अबोला होता. मास्तरांनी ते हवेत लोंबकळत ठेवलं. पण हवा लगेच गार होते आणि दार उघडलं की लगेच तापते, त्यामुळे फ्रिज सारखा चालू-बंद. आणि कॉम्प्रेसरला बंद झाल्यावर लगेच सुरू व्हायला आवडत नाही. आतला दाब सारखा व्हायला त्याला तीन-चार मिनिटांची उसंत लागते. ती दिली नाही तर तो एकदा कण्हतो, खट् करून बसतो आणि संपावर जातो. शेवटी टीचरनी ते टोक बरणीच्या पोटालाच चिकटपट्टीने लावलं आणि वर थर्माकोलचा तुकडा बांधला. दहा लिटरची बरणी आपलं तापमान सावकाश बदलते. फ्रिज शांत झाला. "मी तीस वर्षं वर्ग सांभाळला," टीचर म्हणाल्या, "दंगा करणाऱ्याच्या कपाळाला हात लावावा लागतो, नुसतं हवेत ओरडून काय होतं?"

पुढचा प्रश्न जागेचा. पहिल्यांदा तो गॅलरीत, दुपारी तीननंतरच्या उन्हात, भिंतीला पाठ टेकवून ठेवला होता. फ्रिजला पाठ टेकायला देऊ नये हे मला तेव्हा कळलं. भिंतीपासून निदान वीतभर लांब हवा, म्हणजे जाळीची गरम हवा वर जाऊ शकते. नव्या फ्रिजना मागे जाळी नसते, ती बाजूच्या पत्र्याच्या आत लपवलेली असते. म्हणून त्यांच्या कुशी तापतात आणि लोक 'बिघडला' म्हणून मेकॅनिकला बोलावतात. मास्तरांच्या जाळीवर आधीच्या मालकाच्या घरातली सात-आठ वर्षांची धूळ गोधडीसारखी पांघरलेली होती. ती त्यांनी चित्रकलेच्या जाड ब्रशने झाडली. नातवाने आणखी एक शोध लावला. फ्रिजच्या मागच्या पट्टीवर तो किती उन्हाळा सोसेल ते लिहिलेलं असतं. 'एन' लिहिलं असेल तर बाहेर बत्तीस अंशांपर्यंत, 'एसटी' असेल तर अडतीसपर्यंत, आणि 'टी' असेल तर त्रेचाळीसपर्यंत. मास्तरांचा निघाला एसटी. "वाटलंच," मास्तर म्हणाले, "आवाजावरून ओळखायला हवं होतं."

आणि दाराचं रबर. ते सैल झालं असेल तर बाहेरची दमट हवा आत शिरते, पाणी सुटतं आणि फ्रिज सगळ्या वसईला गार करायला निघतो. ते तपासायला दारात कागदाची एक नोट धरून दार लावायचं आणि नोट ओढायची. अडकली तर रबर ठीक, सुटून आली तर सैल. ही तपासणी करायला मास्तरांनी मुद्दाम मला बोलावलं. नोटांचा अनुभव म्हणून. मी दहाची नोट लावली. वरच्या बाजूला अडकली, खाली अलगद हातात आली. गरम पाण्याच्या फडक्याने रबर शेकून फुगवल्यावर खालीही अडकली. माझ्या पंचवीस वर्षांच्या नोकरीत एवढी निर्विवाद तपासणी मी दुसरी केलेली नाही.

मास्तर मात्र या सगळ्यात रमले. कुठून कुठून वाचून काढलं आणि एका संध्याकाळी मला म्हणाले, "साहेब, तुमच्या घरच्या फ्रिजमध्ये काय असतं?" मी म्हटलं, "इडलीचं पीठ, मिरच्या, काल उरलेली आमटी." "अतिक्रमण!" मास्तर गरजले. "फ्रिज मुळात यासाठीच जन्माला आलाय!" आणि बरणीकडे बोट दाखवलं. त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. कार्ल फॉन लिंडे नावाच्या जर्मन प्राध्यापकाने १८७० च्या दशकात म्युनिकमध्ये आपलं गारव्याचं यंत्र बांधलं ते आइस्क्रीमसाठी नव्हे, तर श्पाटेन नावाच्या बिअरच्या कारखान्यासाठी. कारण उन्हाळ्यात बिअर नासते हे दुःख बव्हेरियाला फार जुनं होतं. इतकं की तिथल्या सरकारने १५५३ मध्ये हुकूमच काढला होता: २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर बिअर गाळायची नाही. आमचा कायदा पिणाऱ्याच्या भल्यासाठी आहे, त्यांचा बिअरच्या भल्यासाठी होता, एवढाच फरक. इंग्रज हिंदुस्थानात आले तर बिअर गाळायला डोंगर चढून कसौलीला गेले, मरीला गेले. त्यांच्याकडे डोंगर होते. "आईला मी डोंगरावर कुठे नेऊ?" मास्तर म्हणाले.

गंमत म्हणजे मुंबईला गारवाही जहाजाने आलेला आहे. फ्रेडरिक ट्यूडर नावाचा बोस्टनचा व्यापारी अमेरिकेतल्या तळ्यांचा बर्फ कापून, भुशात गुंडाळून जगभर विकायचा. १८३३ मध्ये त्याने कलकत्त्याला सुमारे १८० टन बर्फ धाडला, चार महिन्यांनी त्यातला सुमारे १०० टन पोचला. पुढच्या वर्षी मुंबईचा नंबर लागला. सर जमशेटजी जीजीभाई यांनी, तेव्हा ते सर झाले नव्हते, मेजवानीत आइस्क्रीम ठेवलं, आणि यजमानांसकट बऱ्याच पाहुण्यांना सर्दी झाली असं त्या वेळच्या वर्तमानपत्रात छापून आल्याचं सांगतात. बर्फाच्या वाहतुकीचा हा इतिहास मी उगाच सांगत नाही. त्यात पुढे माझाही वाटा आहे.

मे महिन्यातली गोष्ट. बरणीला बारा दिवस झाले होते. संध्याकाळी सात वाजता कोपऱ्यावरच्या पेटीत मोठा आवाज झाला, धूर निघाला आणि वीज गेली. रात्री निरोप आला की केबल जळाली आहे, दोन दिवस लागतील. फ्रिजमधल्या रिकाम्या जागेत मास्तरांनी पाण्याच्या बाटल्या भरून ठेवल्या होत्या. रिकामी जागा म्हणजे नुसती हवा, ती दार उघडताच पळून जाते. पाण्याच्या बाटल्या गारवा धरून ठेवतात. त्यामुळे मध्यरात्रीपर्यंत पारा पंचविसावर होता. तीन वाजता अठ्ठावीस झाला. वर स्लॅब ओकतच होता. साडेतीनला मास्तरांनी माझी कडी वाजवली. "साहेब, स्कूटर काढा."

पाचूबंदरला पहाटे मासळीसाठी बर्फ मिळतो. आम्ही अर्धी लादी घेतली, पोत्यात गुंडाळली, आणि मास्तर ती मांडीवर घेऊन मागे बसले. ओळखीच्या एका कोळीणबाईंनी थर्माकोलची मोठी पेटीही दिली. तिला पापलेटचा वास होता, पण ही वेळ नाक मुरडायची नव्हती. ट्यूडरचा जवळजवळ निम्मा बर्फ वाटेत वितळला. आमचा मुख्यतः मास्तरांच्या लेंग्यात वितळला. लिफ्ट बंद. काळोख. दोघं दोन बाजूंनी पोतं धरून, पाणी टपटप गाळत, धापा टाकत जिना चढू लागलो.

पहिल्या मजल्यावरचे गृहस्थ नुकतेच रात्रपाळीहून येऊन कुलूप उघडत होते. त्यांनी टॉर्चच्या उजेडात पोतं पाहिलं, बर्फ पाहिला, मास्तरांचा चेहरा पाहिला आणि चपला काढल्या. हळू आवाजात मला म्हणाले, "कधी गेली?"

मी म्हटलं, "काल संध्याकाळी सातला."

"त्रास झाला?"

"छे. एकच मोठा आवाज झाला आणि गेली."

त्यांनी डोळे मिटले. "आता?"

"आता काय, दोन दिवस तरी बर्फातच ठेवायचं."

"दुबईहून येणार असतील," ते पुटपुटले. मला काही संदर्भ लागेना, पण पोत्याचं वजन संदर्भ लावण्याइतकं हलकं नव्हतं. वाइनचा विषय निघू नये म्हणून मी घाईघाईने म्हटलं, "एकवीस पुरे झाले की मोकळे. आज तेरावा."

ते भिंतीला टेकून उभे राहिले.

आम्ही चौथ्या मजल्यावर पोचून बरणी थर्माकोलच्या पेटीत उतरवतो, भोवती बर्फाचे तुकडे रचतो, तोच दारावर थाप पडली. उघडतो तर सबंध जिना भरलेला. सोसायटीचे सेक्रेटरी मेणबत्ती घेऊन, बायकांचे पदर डोक्यावर, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी चहाचा थर्मास घेऊन, कारण अशा घरात चूल पेटत नाही. माझी सौ.सुद्धा त्यात होती. ती माझ्याकडे "मला सांगायचं नाही का?" अशा नजरेने पाहत होती. सेक्रेटरींनी मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "वय झालं होतं हो. सोनं झालं."

"कोणाचं?" मास्तर म्हणाले.

एवढ्यात आतून काठी टेकत आजी आल्या. त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं, मेणबत्तीकडे पाहिलं आणि विचारलं, "कोण रे गेलं?"

पुढची दोन मिनिटं कशी गेली ते सांगणं अवघड आहे. एक बाई किंचाळल्या. सेक्रेटरींनी मेणबत्ती फुंकली, मग काळोख झाला म्हणून दुसरी एक किंचाळली. आजींना प्रकार उलगडल्यावर त्या इतक्या हसल्या की त्यांना खुर्चीवर बसवावं लागलं. "बसा, बसा सगळे," म्हणाल्या, "मेल्यावर किती जण येतात ते बघायला मिळतं कोणाला?" आणि मोजायला लागल्या. दुसऱ्या मजल्यावरून कोण आलं नाही हे त्यांनी बरोबर हेरलं. बर्फ कशासाठी, हे कोणी विचारलं नाही. मासळीसाठी असणार, असं सगळ्यांनी पेटीच्या वासावरून ठरवलं. इमारतीतल्या शाकाहारी मंडळींनी तर पेटीकडे पाहिलंसुद्धा नाही. तो एक वास दहा परवान्यांच्या बरोबरीचा ठरला.

वीज दोन नव्हे, तीन दिवसांनी आली. तोवर मी रोज पहाटे पाचूबंदरला जात होतो. त्या तीन दिवसांत डबीही नव्हती आणि तिचे आकडेही नव्हते. आजी खुर्ची ओढून पेटीपाशी बसल्या, तासातासाने मनगट बरणीला लावत. "दोन तुकडे काढ." "आता एक टाक." मास्तर निमूटपणे काढत होते, टाकत होते. तिसऱ्या दिवशी वीज आली तेव्हा नातवाने पटकन टोक लावून पाहिलं. डबीत तेवीस उमटले. आजींनी तिकडे पाहिलंही नाही.

एकवीस दिवसांनी वाइन गाळली, बाटल्यांत भरली आणि बाटल्या पलंगाखाली, काळोखात आडव्या झाल्या. डिसेंबरात पुन्हा सारं गोत जमलं. शेजारधर्म म्हणून आम्हीही वर गेलो होतो, केक खायला. पहिला ग्लास आजींच्या हातात गेला. खोलीत इतकी शांतता होती की फ्रिजची घरघर ऐकू आली. आजींनी ओठ लावले. मग एक घोट घेतला. मग दुसरा. मास्तर पाण्याचा तांब्या हातात धरून तयार उभे होते.

"ते ठेव खाली," आजी म्हणाल्या, "आणि ही दुसरी बाटली जरा गार करून आण."

मास्तर लगबगीने फ्रिजकडे गेले, दार उघडलं आणि तसेच उभे राहिले. आत जागाच नव्हती. टीचरनी त्यात इडलीचं पीठ, मिरच्या, डुकराच्या मांसाचं विंदालू आणि कापलेलं अर्धं लिंबू ठेवलं होतं.